७० हजारांत गेमिंग पीसी: सोलापुरात सुटे भाग निवडताना

नवी पेठेत कॉम्प्युटरच्या दुकानात शिरून "गेमिंग पीसी बनवायचाय" म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मालक, आय फाइव्ह लावू की आय सेव्हन?" इथूनच गाडी उलटी जाते. आधी प्रोसेसर ठरतो, मग मदरबोर्ड, मग रॅम, मग लाल-निळ्या दिव्यांचं कॅबिनेट, आणि जे उरेल त्यात ग्राफिक्स कार्ड. एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज मशिनला लागेल तशी बदलून देणारा डबा, तर कॅबिनेटबरोबर फुकटच येतो. या क्रमाने मशिन जुळवलं तर पैसे पूर्ण जातात आणि गेम रडतखडत चालतो.

आम्ही क्रम फिरवला. आधी मॉनिटर, मग कार्ड, मग त्या कार्डाला पुरेल इतकाच प्रोसेसर, शेवटी कॅबिनेट. बजेट ७० हजार, मॉनिटर धरून. कीबोर्ड, माउस, हेडफोन जुनेच. दिव्यांवर एक रुपयाही नाही.

पण या सगळ्याच्या आधी भिंतीतला प्लग तपासला. पेठेतल्या जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण अर्थिंगची वायर मागे कुठेच जोडलेली नसते. एसएमपीएसच्या आत, वीज शिरते तिथेच, गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात: एक फेजपासून बॉडीला, दुसरा न्यूट्रलपासून बॉडीला. अर्थिंग असेल तर त्यांतला किरकोळ प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेटचा पत्रा जवळजवळ निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११० ते ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. यूएसबी लावताना हाताला मुंग्या येतात त्या याच्याच. दुकानदाराला सांगितलं तर तो एसएमपीएस बदलून देतो आणि मुंग्या तशाच राहतात.

मल्टिमीटरने तीन मोजमापं घ्यायची. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही जवळजवळ तितकंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. तिसरा आकडा मोठा आला किंवा दुसरा फार कमी आला, तर आधी वायरमन बोलवायचा, मग पार्ट मागवायचे. हे काम मीटर हाताळता येणाऱ्यानेच करावं, सॉकेटमध्ये प्रोब घालून शिकायची ही वेळ नव्हे.

मॉनिटरचं फार लांबवलं नाही. २४ इंच, १०८०पी (१९२० गुणिले १०८० ठिपके), कडेने पाहिलं तरी रंग न बिघडणारा आयपीएस पडदा, १०० हर्ट्झ (सेकंदाला शंभर चित्रं) किंवा जास्त. १४४०पी मोहात पाडतो, पण त्यात पिक्सेल पाऊणपट जास्त, म्हणजे कार्डही तितकं वरचं लागतं. या बजेटात ते बसत नाही.

कार्डाला बजेटचा जवळजवळ तिसरा हिस्सा दिला. इथे सगळ्यात जास्त फसवणूक 'किती जीबी' या प्रश्नात आहे. जीटी ७३० चं ४ जीबीचं कार्ड दुकानात 'फोर जीबी ग्राफिक्स' म्हणून मिळतं. त्यावर बहुतेक वेळा जुनी, संथ डीडीआर३ मेमरी असते आणि चिप इतकी लहान की ती ४ जीबी कधी कामालाच येत नाही. मेमरी म्हणजे गोदाम आणि चिप म्हणजे माग. माग एकच असेल तर गोदाम कितीही मोठं असून काय उपयोग?

उलटी चूकही होते. आरएक्स ६५०० एक्सटीची चिप त्यामानाने बरी, पण मेमरी ४ जीबी आणि बोर्डाशी जोडणाऱ्या पीसीआय लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, चारच. मेमरी भरली की पुढचा माल त्या चार लेनमधून ये-जा करतो, आणि बोर्ड जुन्या पीसीआय ३.० चा असेल तर त्यांचाही वेग निम्मा. खेळता खेळता मध्येच झटके बसतात ते त्यामुळे.

नावांचा घोळ वेगळाच. आरटीएक्स ३०५० या नावाने ८ जीबी आणि ६ जीबी अशी दोन कार्डं आहेत. ६ जीबीचं फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं, ७० वॅट घेतं आणि वेगळी पॉवर केबल मागत नाही. पण त्यात फक्त मेमरीच कमी नाही, चिपही कापलेली आहे. ऑफिसचा जुना डबा, लहान एसएमपीएस, अशा ठिकाणी ते उत्तम. नव्या बिल्डमध्ये ८ जीबीच्या भावात कुणी ते देत असेल तर नको म्हणायचं.

वापरलेल्या मालात आरएक्स ५८० सगळीकडे दिसतं. मूळ ५८० मध्ये २३०४ स्ट्रीम प्रोसेसर (चित्र काढणारे छोटे गणक) आहेत. त्याच नावाखाली २०४८ वालं कार्डही फिरतं, जे खरं पाहता ५७० च्या जातीचं आहे. खोक्यावर काही कळत नाही. जीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर उघडलं की 'शेडर्स'समोरचा आकडा खरं सांगतो. शिवाय यांतली बरीच कार्डं क्रिप्टो मायनिंगमध्ये रात्रंदिवस राबलेली. घ्यायचंच असेल तर विकणाऱ्यासमोर कार्डाला पूर्ण ताकदीने राबवणारं फरमार्क पंधरा मिनिटं चालवायचं, फॅनचा आवाज ऐकायचा, पडद्यावर ठिपके-पट्टे येतात का बघायचं. आणि ५८० ला १८५ वॅट लागतात, हेही हिशेबात धरायचं.

आम्ही नवं आरएक्स ६६०० घेतलं. ८ जीबी जीडीडीआर६, १३२ वॅट, एकच ८ पिनांची केबल. २०२१ चं कार्ड आहे, पण १०८०पीला अजून हात वर करत नाही. इंटेलचं आर्क बी५८० समोर आलं होतं. १२ जीबी मेमरीचा मोह मोठा. पण ते १९० वॅट घेतं, रीसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम उघडणारी सोय) चालू नसेल तर लंगडतं, आणि मध्यम प्रोसेसरबरोबर काही गेममध्ये अपेक्षेपेक्षा मागे पडतं. प्रोसेसर वरचा असता तर निवड बदलली असती.

आता तो 'आय सेव्हन'. स्वस्तात मिळणारा आय सेव्हन म्हणजे बहुतेक वेळा आय७-३७७०, २०१२ चा, एच६१ च्या बोर्डावर बसवलेला. त्यात एव्हीएक्स२ (एकदम बरेच आकडे हाताळणाऱ्या) सूचना नाहीत, त्यामुळे काही नवे गेम सुरूच होत नाहीत. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचं जवळजवळ काहीच बसत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. काचेच्या कॅबिनेटमध्ये घातला म्हणून तो काही तरुण होत नाही.

खरी निवड रायझन ५ ५६०० आणि आय५-१२४०० यांच्यात होती. दोन्ही सहा कोर, बारा थ्रेड, आणि आरएक्स ६६०० समोर फरक नावापुरता. रायझन ५ ५५०० स्वस्त, पण कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) निम्मी आणि पीसीआय ३.०, आणि आरएक्स ६६०० आठच लेन वापरतं, म्हणून ते बाजूला. ५६००जी मध्ये कार्डाशिवाय पडदा चालवणारं अंगचं ग्राफिक्स आहे, पण कॅशे आणि पीसीआयचं दुखणं तेच. आय३-१२१००एफ गेमपुरता चालतो; मागे डिस्कॉर्ड, ब्राउझर, रेकॉर्डिंग सुरू ठेवलं की त्याचे चार कोर धापा टाकतात.

निर्णय फिरला तो एका अक्षरावर. १२४००एफ थोडा स्वस्त, पण त्यात अंगचं ग्राफिक्स नाही. ५६०० मध्येही नाही. ज्या कंपनीचं सेवा केंद्र सोलापुरात नाही, तिचं कार्ड वॉरंटीत पुण्याला जातं. घाईच असेल तर सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुणे गाठून रात्री परत येता येतं, पण कार्ड दुरुस्त होऊन किंवा बदलून यायला आठवडे लागतात. तोवर एफ वाल्या मशिनवर काळा पडदा. साध्या १२४०० मध्ये यूएचडी ७३० हे अंगचं ग्राफिक्स आहे, म्हणजे कार्ड पुण्यात असताना अभ्यास, बिलं, सिनेमे चालू राहतात. पुण्या-मुंबईत राहणाऱ्याला हे जादाचे पैसे व्यर्थ वाटतील. इथे नाहीत.

बोर्ड बी७६० जातीचा, डीडीआर४ रॅम घेणारा. याच बोर्डांची डीडीआर५ ची भावंडं जवळपास त्याच नावाने मिळतात आणि फरक शेवटच्या 'डी४' एवढाच असतो. दोन्ही रॅमच्या खाचा वेगळ्या जागी असल्याने एकाची स्टिक दुसऱ्यात बसतच नाही. ऑर्डर देण्याआधी पूर्ण मॉडेल नंबर कागदावर लिहून घ्यायचा. एच६१० या स्वस्त जातीच्या बोर्डावरही १२४०० चाललं असतं. पण त्यांतल्या बहुतेकांत व्होल्टेज सांभाळणाऱ्या भागावर हीटसिंक नाही, म्हणून मे महिन्याच्या विचाराने नको म्हटलं.

रॅमने घाम काढला. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला आणि भाव असे चढले की सोमवारचं कोटेशन शनिवारी शिळं. तरी १६ ची एक स्टिक न घेता ८ च्या दोन घेतल्या. दोन स्टिक म्हणजे प्रोसेसरला मेमरीकडे जायला दोन वाटा. एकच असेल तर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची, म्हणजे फ्रेमची, सरासरी फार पडत नाही, पण गर्दीच्या प्रसंगात खोल खड्डे पडतात. ३२०० चा वेग, सीएल (मेमरीचं उत्तर यायला लागणारे ठोके) १६. चार खाचांच्या बोर्डात प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी खाच भरायची. पैसे अगदीच कमी पडत असतील तर वापरलेली रॅम घ्यायला हरकत नाही, ती कार्डासारखी झिजत नाही. फक्त मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचे चारही फेरे पूर्ण होऊ द्यायचे. एक जरी चूक दिसली तरी परत.

एसएसडी १ टीबीची हवी होती, रॅमने खिसा कापल्यावर ५०० जीबीवर आलो. घेताना एकच बघायचं: एम.२ हा नुसता आकार, तो दिसला म्हणजे वेगवान एनव्हीएमई असं नव्हे, संथ साटाही त्याच आकारात येते. साटाच्या एम.२ ला सहसा दोन खाचा असतात, एनव्हीएमईला बहुधा एक. बोर्डाचा सॉकेट साटा घेत नसेल तर ती बसते, पण दिसत नाही.

आणि आता ज्याला दुकानात कुणी किंमत देत नाही तो एसएमपीएस. हिशेब सोपा आहे. कार्ड १३२, प्रोसेसर पूर्ण ताकदीने ११७, बाकी बोर्ड-रॅम-फॅन मिळून ५० धरा, म्हणजे ३०० वॅट. कार्ड क्षणभर उसळी मारतं त्याला जागा ठेवायची, म्हणून ५५० वॅट, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा). साडेचार हजार त्याला आधीच बाजूला काढून ठेवले होते, म्हणजे शेवटी काटछाट करायचा मोह नको.

खोक्यावरचा मोठा आकडा वाचायचा नाही, बाजूचं लेबल वाचायचं. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एका '४५० वॅट'च्या डब्यावर १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर लिहिलं होतं. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही १२ व्होल्टवरच जगतात. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या खात्यात, जिथे त्यांना आज कुणी विचारत नाही. असा डबा ऑफिसच्या कामात वर्षानुवर्षं चालतो आणि गेम सुरू झाल्यावर दहाव्या मिनिटाला मशिन बंद पाडतो. दोष मात्र कार्डावर जातो. ८ पिनांची केबल नसेल तर जुन्या चार पिनांच्या मोलेक्स केबलीपासून अडॅप्टर जोडून देतो म्हणणाऱ्याला हात जोडायचे. त्या पिना वितळतात.

त्याच लेबलवर इनपुटही लिहिलेलं असतं. काही स्वस्त मॉडेल २०० ते २४० व्होल्टचीच असतात. उन्हाळ्याच्या रात्री घरोघरी एसी, कूलर सुरू झाले की लाइनचं व्होल्टेज खाली येतं आणि असं मशिन उगाच रीस्टार्ट होतं. १०० ते २४० लिहिलेलं घ्यायचं.

घरचा इन्व्हर्टर आहे, मग यूपीएस कशाला, हा प्रश्न हमखास येतो. लाइट गेल्यावर एसएमपीएस साधारण १६-१७ मिलिसेकंद स्वतःच्या साठ्यावर तग धरतो. इन्व्हर्टरने त्याआत ताबा घेतला पाहिजे. बऱ्याच इन्व्हर्टरांच्या मागे 'यूपीएस' आणि 'इको' असं बटन असतं. ते इकोवर असेल तर बदल सावकाश होतो आणि मशिन बसतं. बटन यूपीएसवर करून मेन स्विच दहादा पाडून बघितला, मगच वेगळ्या यूपीएसचे पैसे वाचले म्हटलं. हे फक्त शुद्ध साइन वेव्हच्या इन्व्हर्टरला लागू. जुन्या स्क्वेअर वेव्हवर ॲक्टिव्ह पीएफसीचा, म्हणजे वीज लाटेच्या आकारातच ओढणारा, एसएमपीएस कुरकुरतो किंवा सरळ बंद होतो.

कॅबिनेटचं गणित इथल्या धुळीवर ठरतं. पूर्व भागात जवळपास यंत्रमाग असतील तर हवेत सुताचे बारीक तंतू असतात. ते साध्या धुळीसारखे पंख्यावर बसत नाहीत, हीटसिंकच्या पात्यांमध्ये विणले जातात, नमद्यासारखे. पुढून काच असलेलं कॅबिनेट दिसायला छान, पण हवा कडेच्या बोटभर फटीतून येते. पुढे जाळी आणि जाळीमागे काढता येणारा फिल्टर असलेलंच घेतलं. पुढे दोन १२० मिमीचे पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा जास्त असली की उरलेल्या फटींतून हवा बाहेरच जाते आणि धूळ फिल्टरमधूनच आत येते. फिल्टर दर पंधरा दिवसांनी नळाखाली धरायचा, पूर्ण वाळवून बसवायचा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवायचा. मोकळा सोडला तर तो भन्नाट फिरून बेअरिंग खराब करून घेतो.

कूलरच्या झोतात कॅबिनेट ठेवायचं नाही. गार हवा मिळते हे खरं, पण तिच्याबरोबर ओल येते, जड पाण्याच्या कूलरमधून तुषार उडाले तर बोर्डावर क्षार बसतात, आणि ओलसर धुळीतून वीज वाट काढते.

खरेदी दोन ठिकाणी झाली. एसएमपीएस आणि कार्ड स्थानिक, बाकी ऑनलाइन. एका दुकानात "बिलाशिवाय घ्या, १८ टक्के वाचतील" असा आग्रह झाला. बिल नाही तर वॉरंटीच्या वेळी हातात काय दाखवणार? उलट बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घेतला. ऑनलाइन आलेले खोके उघडताना सील दिसेल असा सलग व्हिडिओ काढला.

जोडणीत तीन जागा जपायच्या. इंटेलच्या या सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात, केसासारख्या बारीक, आणि एक वाकली तरी बोर्डाची वॉरंटी गेली. प्रोसेसर वरून सरळ ठेवायचा, सरकवायचा नाही. लिव्हर दाबताना करकर आवाज येतो, प्लॅस्टिकचं झाकण टुणकन उडतं, दोन्ही ठीक आहे. ते झाकण जपून ठेवायचं, वॉरंटीत ते मागतात. दुसरी जागा कूलरच्या चार पुशपिना. समोरासमोरच्या तिरक्या जोडीने दाबायच्या आणि बोर्ड उलटा करून चारही पांढऱ्या टोकांमधून काळा खिळा बाहेर आलाय का बघायचं. एक अर्धवट राहिली तरी सगळं चालू होतं, फक्त तापमान सुरू होताच नव्वदीत. तिसरी, मागे ४+४ आणि ६+२ या दोन ८ पिनांच्या केबली सारख्या दिसतात. पहिली प्रोसेसरची, दुसरी कार्डाची. आकार वेगळे असल्याने चुकीची जात नाही. जोर लावावा लागला तर थांबायचं.

पहिल्यांदा पडदा काळाच राहिला. एचडीएमआय केबल बोर्डाच्या पोर्टात होती. कार्ड असताना ती कार्डालाच लावायची, आणि जमल्यास डिस्प्लेपोर्टने.

मग बायॉस, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारं बोर्डाचं सेटिंग. एक्सएमपी चालू केलं नाही तर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वरच चालते आणि विकत घेतलेला वेग खोक्यातच राहतो. रीसायझेबल बार चालू. टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) चालू, बोर्डावर त्याचं नाव 'पीटीटी' असतं. सीएसएम (जुन्या पद्धतीने मशिन सुरू करण्याची सोय) बंद आणि सिक्युअर बूट चालू, कारण विंडोज ११ वर व्हॅलोरंट हा गेम टीपीएम आणि सिक्युअर बूट या दोन्हींशिवाय उघडत नाही. हे विंडोज टाकण्याआधी करायचं. डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने भरली गेली तर सीएसएम बंद केल्यावर विंडोज सापडतच नाही. शेवटी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १०० हर्ट्झ निवडायचं. कितीतरी लोक महिनोन् महिने महागड्या मॉनिटरवर ६० हर्ट्झच बघत बसतात.

चाचणी मुद्दाम दुपारी तीनला घेतली, एसी बंद ठेवून. खोलीचं तापमान जितकं वाढतं, साधारण तितकंच चिपचंही वाढतं, त्यामुळे जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत घेतलेला आकडा मे महिन्यात कामाचा नाही. अर्धा तास गेम चालवून कार्डाचं आणि प्रोसेसरचं तापमान लिहिलं, मग बाजूचा पत्रा काढून पुन्हा तेवढाच वेळ. पत्रा काढल्यावर तापमान पाच-सहा अंशांहून जास्त उतरलं, तर कॅबिनेटला हवा पुरत नाही असं समजायचं. आमचं आठ उतरलं. पुढचा खालचा पंखा उलटा बसला होता, हवा बाहेर टाकत. पंख्याच्या ज्या बाजूला आडवे पाय दिसतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. चार स्क्रू फिरवून तो सरळ केला आणि फरक दोन अंशांवर आला.